पाणीपुरीच्या यंत्राचा कारभारी

छत्तीसगडची राजधानी असलेल्या रायपूर शहरात पाणीपुरीला ‘गुपचुप’ म्हणतात. विदर्भातही हे नाव अपरिचित नाही. पुरी फोडणे, तीत सारण भरणे, ती चिंचेच्या वा पुदिन्याच्या पाण्यात बुडविणे आणि गिऱ्हाइकाच्या द्रोणात ठेवणे, ही सारी कामे गाडीवाल्याचा एकच हात करीत असतो. २०२० साली कोरोनाच्या साथीमुळे नेमका हा हातच लोकांच्या भयाचा विषय झाला. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली व गाड्या बंद पडल्या. पुढे त्या रस्त्यावर परतल्या, तरी मडक्यात कोपरापर्यंत जाणारा हात पाहून गिऱ्हाईक बिचकू लागले. रोजच्या विक्रीवर ज्याची चूल पेटते, त्याच्या दृष्टीने ही अडचण लहान नव्हती.

त्याच वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात रायपूरच्या तेलीबांधा भागातील एका विक्रेत्याच्या यंत्राची चित्रफीत छत्तीसगडमधील सनदी अधिकारी अवनीश शरण यांनी समाजमाध्यमावर प्रसिद्ध केली आणि ती देशभर पाहिली गेली. गिऱ्हाइकाने सारण भरलेली पुरी हातात घ्यावी, हव्या त्या चवीच्या नळाखाली धरावी, आणि पाणी आपोआप तीत पडावे, अशी त्या यंत्राची रचना होती. विक्रेत्याचा हात पाण्याला लागतच नव्हता. त्याआधी जुलै महिन्यात गुजरातेतील अशाच एका घरगुती यंत्राची वार्ताही सर्वत्र पसरली होती. अशी यंत्रे आता अनेक गावांत दिसतात. शाळेच्या प्रदर्शनांत मुले सरबताचे यंत्र मांडतात, त्याचेही तत्त्व हेच.

यंत्रासमोर उभ्या राहणाऱ्याचे लक्ष नळाकडे असते. परंतु नळ हा केवळ नळीचा शेवट होय. पाणी केव्हा सोडावयाचे, किती सोडावयाचे आणि केव्हा थांबवावयाचे, हा सारा कारभार आत बसविलेली तळहाताएवढी एक पट्टी पाहते. तिच्यावर तांब्याच्या बारीक वाटा आखलेल्या असतात आणि त्या वाटांवर विजेचे निरनिराळे घटक डाखलेले असतात. हिलाच मुद्रित मंडल-फलक किंवा बाजारातील भाषेत सर्किट बोर्ड म्हणतात. असा फलक एखाद्या विशिष्ट यंत्राकरिता मुद्दाम आखून घेतला, तर त्याची रचना कशी करावी लागते आणि का, हे पाहण्याजोगे आहे.

प्रथम पंपाचा विचार करू, कारण फलकाची बरीचशी कामे पंपाच्या स्वभावातून निघतात. लहान यंत्रांत दोन जातींचे पंप वापरले जातात. एकात फिरत्या चाकावरील रूळ मऊ नळी दाबत पुढे सरकतात आणि नळीतील द्रव पुढे ढकलला जातो. आपल्या आतड्यांतून अन्न पुढे सरकते तसाच हा प्रकार. यात द्रव केवळ नळीलाच स्पर्श करतो, त्यामुळे स्वच्छतेच्या दृष्टीने हा पंप फार चांगला. पण १२ व्होल्टचा असा लहान पंप मिनिटाला शंभरएक मिलिलिटरच पाणी देतो. एका पुरीत २० मिलिलिटर पाणी मावते असे धरले, तरी ती भरण्यास १२ सेकंद लागतील. सरबताच्या पेल्यात चमचाभर अर्क टाकावयाचा असेल तर हा वेग ठीक. गुपचुपच्या गाडीपुढे रांग लागली असता मात्र गिऱ्हाईक दुसऱ्या गाडीकडे वळेल. म्हणून पाणीपुरीस दुसऱ्या जातीचा, म्हणजे पडद्याचा पंप सोयीचा. त्यातील रबरी पडदा मागेपुढे हलतो आणि झडपांच्या साहाय्याने पाणी ओढून पुढे ढकलतो. मिनिटाला दीड लिटर, अर्थात सेकंदाला २५ मिलिलिटर, पाणी तो सहज देतो. मात्र पुदिन्याचे पान झडपेत अडकले की त्याचा श्वास कोंडलाच. म्हणून पाणी आधी वस्त्रगाळ करावे लागते. चिंचेच्या आंबट पाण्याला धातूचेही वावडे असते. त्याच्या मार्गात साधे लोखंड वा पितळ येऊ न देता अन्नास योग्य असे प्लॅस्टिक व सिलिकोनची नळी वापरावी लागते.

आता हिशेब सोपा झाला. सेकंदाला २५ मिलिलिटर देणारा पंप २० मिलिलिटरसाठी सेकंदाचे आठ दशांश चालवावयाचा. पाणी मोजण्याऐवजी वेळ मोजावयाची, हे अशा यंत्रांचे मूलतत्त्व होय. बटण दाबून माणसाने इतकी अचूक वेळ साधणे शक्य नाही. ती साधण्यासाठी फलकावर मायक्रोकंट्रोलर किंवा सूक्ष्मनियंत्रक नावाची एक चकती बसविलेली असते. नखाएवढ्या या चकतीत गणित करणारा भाग, स्मरण ठेवणारा भाग आणि वेळ मोजणारे घड्याळ ही तिन्ही एकत्र असतात. इटलीतील इव्रेआ गावी २००५ साली सुरू झालेल्या ‘आर्डुइनो’ या तयार फलकांमुळे हा नियंत्रक शाळकरी मुलांच्याही हाती आला. पुष्कळ घरगुती यंत्रांचा आरंभ अशाच तयार फलकापासून आणि लोंबत्या तारांच्या जुडग्यापासून होतो.

आरंभीच एक अडचण उभी राहते. सूक्ष्मनियंत्रकाच्या एका पायातून सुमारे २० मिलिअँपिअर इतकाच प्रवाह निर्धास्तपणे घेता येतो, आणि पंपाच्या मोटारीस तर अर्धा अँपिअर किंवा अधिक लागतो. म्हणजे पंचवीसपट अंतर. मोटार थेट जोडली तर नियंत्रक जळून जाईल. मुनीमजींनी हुकूम लिहावा, पोती मात्र हमालाने उचलावीत, तशी येथे कामाची वाटणी करावी लागते. उचलण्याचे काम मॉसफेट जातीचा ट्रान्झिस्टर करतो. रायपुरास पाणी पुरविणाऱ्या गंगरेल धरणाच्या दरवाजाशी त्याची तुलना करता येईल. दरवाजा हलविणारी कळ लहान असते, परंतु तिच्या इशाऱ्यावर केवढा तरी लोंढा वाहतो. नियंत्रकाने मॉसफेटच्या कळीवर ५ व्होल्टचा दाब दिला की मोटारीचा प्रवाह मोकळा होतो. दाब काढला की बंद. येथे निवड मात्र डोळसपणे करावी लागते. कित्येक मॉसफेट १० व्होल्टचा दाब मिळाल्याखेरीज पूर्ण उघडत नाहीत. असा अर्धवट उघडा ट्रान्झिस्टर प्रवाहास विरोध करून स्वतःच तापत राहतो. पाचच व्होल्टांवर पूर्ण उघडणारा पाहून घ्यावा, म्हणजे हा ताप टळतो.

आणखी एक बारीकसा घटक येथे बसवावा लागतो. नवशिके तो हमखास विसरतात. वीज सुरू केल्यावर नियंत्रकास जागे होण्यास क्षणभर अवधी लागतो. त्या क्षणी त्याचे पाय उघडेही नसतात व बंदही नसतात, अधांतरी असतात. मॉसफेटची कळ इतकी हळवी असते की अशा अधांतरी स्थितीत ती हवेतल्या विद्युत्भारानेही उघडू शकते. मग गाडीवाल्याने सकाळी कळ दाबावी आणि चारही नळांनी आपोआप पाण्याची धार सोडावी, असा तमाशा होतो. यावर उपाय म्हणजे कळीपासून ऋण बाजूस जोडलेला १०,००० ओहमचा एक रोधक. हुकूम येत नाही तोवर तो दरवाजा मिटलेला ठेवतो. त्याची किंमत काही पैशांची असते.

मोटार बंद करतानाची अडचण अधिक गंभीर आहे. घरातील नळ वेगाने वाहत असता एकदम बंद केला तर नळी थडथडते, हा अनुभव सर्वांचा आहे. वाहत्या पाण्याचा जोर एकाएकी अडला म्हणजे तो भिंतीवर आदळतो. मोटारीच्या वेटोळ्यातील विद्युत्प्रवाहाचेही असेच आहे. वेटोळ्याभोवती चुंबकीय क्षेत्र असते व त्यात ऊर्जा साठलेली असते. प्रवाह अकस्मात तोडला की ते क्षेत्र कोसळते आणि वेटोळ्याच्या टोकांशी क्षणार्धात मोठा दाब उत्पन्न होतो. मोटार १२ व्होल्टची असली तरी हा दाब त्याच्या कित्येक पट असू शकतो आणि तो सरळ ट्रान्झिस्टरवर जाऊन आदळतो. दहा वेळा ट्रान्झिस्टर तग धरतो. अकराव्या वेळी मरतो. मग पंप थांबेनासा होतो, कारण मेलेला मॉसफेट बहुधा उघडाच राहतो. याचे निवारण करणारा डायोड मोटारीच्या दोन टोकांमध्ये उलट्या दिशेने बसवितात. मोटार चालू असताना तो निष्क्रिय असतो. ती बंद होताच उसळलेल्या प्रवाहास तो परतीची वाट देतो आणि प्रवाह वेटोळ्यातच फिरून विझून जातो. प्रत्येक पंपास असा स्वतंत्र डायोड हवा. यात काटकसर केल्यास ती महाग पडते.

याउलट मोटार सुरू होताना ती नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते, कारण थांबलेल्या मोटारीत प्रवाहास विरोध करणारा प्रतिदाब नसतो. अर्धा अँपिअर घेणारी मोटार क्षणभर दोन अँपिअरही मागेल. त्या क्षणी बॅटरीचा दाब खाली येतो आणि त्याच बॅटरीवर जगणारा नियंत्रक बेशुद्ध पडतो. शुद्धीवर येतो तेव्हा तो सारे विसरलेला असतो व कामास पुन्हा पहिल्यापासून आरंभ करतो. पाहणाऱ्यास वाटते, यंत्र लहरी आहे! प्रत्यक्षात ते उपाशी असते. म्हणून नियंत्रकाच्या वाटेवर धारित्र, म्हणजे कपॅसिटर, ठेवतात आणि त्याच्या आधी एकमार्गी डायोड बसवितात. नळाला पाणी नसताना घरातला रांजण उपयोगी पडतो तसा हा साठा. आणि डायोडमुळे या रांजणातले पाणी मोटारीस चोरता येत नाही. नियंत्रक २० मिलिअँपिअर घेत असेल आणि १ व्होल्टची घट त्यास सोसत असेल, तर १००० मायक्रोफॅरडचे धारित्र त्यास सेकंदाचा विसावा भाग सांभाळून नेते. मोटारीची पहिली हावरट घटका तेवढ्यात बहुधा ओसरते.

गिऱ्हाइकाची पुरी नळाखाली आली हे यंत्रास कळते ते संवेदकामुळे. एक लहान दिवा डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडतो. पुरीवर वा बोटांवर आपटून तो परत फिरतो आणि शेजारच्या ग्राहकावर पडतो. यातही एक शत्रू आहे, आणि तो म्हणजे सूर्य. रायपुरातील मे महिन्याचे ऊन म्हणजे अवरक्त किरणांचा महापूरच. त्या प्रकाशात संवेदकाच्या दिव्याची ज्योत कोण ओळखणार? म्हणून हा दिवा सतत न जळता सेकंदाला ३८,००० वेळा उघडझाप करतो आणि ग्राहक केवळ त्याच तालाची दखल घेतो. उन्हास ताल नसतो. नळदिव्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, परंतु तोही या तालाशी जुळत नाही. जत्रेच्या गोंगाटात आपल्या ओळखीच्या माणसाची शीळ ऐकू यावी, तसे हे आहे.

एवढे सगळे सुट्या तारांनीही जोडता येते, आणि टेबलावर ते उत्तम चालते. मग मुद्दाम फलक करून घेण्याचा खटाटोप कशासाठी? त्याचे उत्तर गाडीच्या चाकांत आहे. खड्ड्यांच्या रस्त्यावरून रोज दोन वेळा ढकलत नेलेल्या यंत्रात खुपसून बसविलेली तार आठवडाभरही जागेवर राहत नाही. त्यातून आंबट, खारट पाण्याचे शिंतोडे. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते. दोन उघड्या टोकांवर पडलेला एक थेंब नियंत्रकास खोटा निरोप देण्यास पुरेसा असतो. फलकावरील वाटा पक्क्या असतात, त्यांवर हिरव्या लेपाचे आवरण असते, आणि वरून लाखेसारखा आणखी एक थर दिला म्हणजे ओलावा आत शिरत नाही.

विजेच्या तारा छापण्याची ही कल्पना व्हिएन्नात जन्मलेल्या पॉल आयस्लर या अभियंत्याची मानली जाते. १९३६ साली तो इंग्लंडात आला. तेथे त्याने छापील मंडलाचा रेडिओ तयार केला आणि १९४३ साली पेटंटसाठी अर्ज केला. आजच्या नेहमीच्या फलकाची जाडी १.६ मिलिमीटर असते. काचतंतू व राळ यांच्या पाट्यावर ३५ मायक्रोमीटर जाडीचा तांब्याचा पत्रा चिकटविलेला असतो. वाटा जेथे हव्यात तेथे पत्रा झाकून बाकीचा रसायनाने खाऊन टाकावयाचा, ही जुनी रीत आजही शाळेच्या प्रयोगशाळेत फेरिक क्लोराइडच्या द्रावणाने करून पाहता येते. हातमोजे, चष्मा व शिक्षकांची उपस्थिती मात्र अवश्य हवी. आखणीसाठी ‘कायकॅड’ यासारखी मोफत संगणकीय साधने उपलब्ध आहेत. तयार झालेली आखणी कारखान्यास पाठविली की पाच-दहा फलकही करून मिळतात.

आखणीचे खरे कौशल्य वाटांच्या रुंदीत आहे. तांब्याची वाट अरुंद असेल तर ती तापते. वरच्या थरावरील वाटेचे तापमान १० अंशांहून अधिक वाढू नये असे ठरविल्यास १ अँपिअरला सुमारे ०.३ मिलिमीटर रुंदी पुरते. पाच अँपिअरला मात्र पाचपट नव्हे, तर जवळजवळ २.८ मिलिमीटर लागते, म्हणजे नऊपटीहून अधिक. रुंद पट्टीस आपली उष्णता बाहेर टाकण्यास रुंदीच्या मानाने कमी वाव मिळतो, हे त्याचे कारण. यास्तव चार पंपांचा एकत्र प्रवाह वाहून नेणारी वाट ही राजमार्गासारखी रुंद असते आणि संवेदकाच्या निरोपाची वाट पायवाटेसारखी बारीक. या दोघींच्या परतीच्या वाटाही वेगळ्या ठेवून बॅटरीच्या टोकाशीच एकत्र आणाव्यात, हे उत्तम. एकाच वाटेने दोघी परतल्या तर मोटारीच्या प्रत्येक धडपडीचा हादरा संवेदकाच्या निरोपात मिसळतो. बैलगाड्यांच्या रस्त्यावरून डाक नेणाऱ्या हरकाऱ्यास उशीर व्हावयाचाच.

नियंत्रकास शिकविलेली कामे थोडीच असतात. त्यांतील दोन सांगण्यासारखी आहेत. एका पुरीचे पाणी दिल्यावर समोरचा हात दूर झाल्याखेरीज दुसऱ्यांदा पाणी द्यावयाचे नाही. अन्यथा संवेदकाच्या काचेवर पाण्याचा थेंब चिकटला की यंत्र त्यासच पुरी समजून टाकी रिकामी करील. दुसरे म्हणजे बॅटरीचा दाब मोजून त्याप्रमाणे वेळ बदलावयाची. संध्याकाळी बॅटरी दमली की पंपही मंदावतो आणि सकाळच्या आठ दशांश सेकंदात मग पुरी भरत नाही.

या फलकाच्या ज्ञानाची मर्यादाही येथेच सांगावयास हवी. त्यास हात कळतो, वेळ कळते, बॅटरी कळते. टाकीतले पाणी कसे आहे, हे मात्र त्यास कळत नाही. २०२० च्या एप्रिल महिन्यात, कोरोनाची टाळेबंदी चालू असतानाच, रायपूर शहरात काविळीची साथ आली होती. ‘हिपॅटायटिस ए’ व ‘हिपॅटायटिस ई’ हे काविळीचे विषाणू मुख्यतः दूषित पाण्यातून व अन्नातून पसरतात. विक्रेत्याचा हात पाण्याबाहेर राहिला, तर हातावाटे पाण्यात जाणारी घाण टळते, आणि हा लाभ काही थोडा नव्हे. परंतु टाकी भरतानाच पाणी दूषित असेल, तर सेकंदाचे आठ दशांश मोजून तेच दूषित पाणी यंत्र अचूकपणे प्रत्येक पुरीत घालील. बर्फाचेही तसेच. पाणी खळखळून उकळलेले असावे, हा नियम यंत्रापूर्वीच्या मडक्यास होता तसाच यंत्रासही आहे.

यंत्राने एक नवी जागा मात्र घाणीस उपलब्ध करून दिली आहे: नळ्यांचे अंतरंग. मडके रात्री पालथे घालून घासता येते, हातभर लांबीच्या नळीत हात जात नाही. चिंच, गूळ व मसाल्याचा पातळ थर नळीच्या आत बसतो आणि उबदार हवेत रात्रभरात त्यावर जंतूंची वस्ती होते. म्हणून चांगल्या आखणीच्या फलकावर धुण्याचे एक वेगळे बटण असते. गाडी बंद करताना टाक्यांत गरम पाणी घालून ते बटण पाच सेकंद दाबून धरले की नियंत्रक संवेदकांकडे दुर्लक्ष करतो आणि पंप एक-एक मिनिट चालवितो. चारही पंप एकदम नव्हे, एकामागून एक. कारण चार मोटारींची पहिली हाव एकाच वेळी उठली, तर दिवसभर वापरून दमलेली बॅटरी ती भागवू शकत नाही, आणि धुणे अर्ध्यावर असतानाच नियंत्रक बेशुद्ध होतो.